ट्रुसच्या खिडकीतला गुलाबी उजेड

"गेल्या वर्षी त्याने काय लिहिलं, ठाऊक आहे ना?" काचपेटीला नाक टेकवून लेनर्टने विचारलं.

"वर्षभर तेच ऐकतेय," त्याची बायको ट्रुस भरतकामावरून मान न उचलता म्हणाली. "लाल झाडं लाल नाहीत."

'त्याने' म्हणजे मत्स्यपेटी मंडळाच्या परीक्षकाने, ओस्टिंगसाहेबांनी. दर हिवाळ्यात ते घरोघर हिंडून पेट्या तपासत आणि गुण देत. लेनर्ट सलग तीन वर्षं तिसरा आला होता. चाळीस वर्षं काचघरात टोमॅटो पिकवलेला माणूस. त्याच्या हाताखाली डिसेंबरातही टोमॅटो नव्या नवरीसारखे लाल व्हायचे. आणि पाण्याखालची ही चार पानं मात्र भिजलेल्या तपकिरी मोज्यांसारखी.

"उजेड चुकतोय," तो म्हणाला. "टोमॅटोला जो चालला, तो यांना का चालू नये?"

दुपारी तो सायकलच्या मागे बांधून आपल्या जुन्या काचघरातला गुलाबी दिवा घेऊन आला. पेटीवर टांगला, बटण दाबलं, आणि कुणी घरभर गुलालाची मूठ उधळावी तसा उजेड सांडला. पानं लाल झाली. मासे लाल झाले. पांढरं मांजर गुलाबी झालं आणि स्वतःच्या शेपटीकडे संशयाने पाहू लागलं. खुर्चीत बसलेली ट्रुस तर अशी उजळली, की लेनर्टची नजर पेटीवरून घसरली ती तिथेच राहिली.

"काय बघतोस?"

"काही नाही. पान बघतोय."

"पानं पेटीत आहेत."

पण त्या उजेडात ट्रुसला दोऱ्याचा रंग कळेना. लाल समजून तिने एका ट्यूलिपला पांढऱ्या पाकळ्या घातल्या, मग उसवल्या, मग माळ्यावरून शिवणकामाचा वाकड्या मानेचा पांढरा दिवा आणून पेटीच्या उजव्या बाजूला ठेवला.

"तुझा दिवा माझ्या पाण्यात डोकावतोय," लेनर्ट कुरकुरला.

"आणि तुझा साऱ्या गल्लीत."

ते मात्र खरं होतं. पेटी रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीपाशी होती, आणि त्या गल्लीत पडदा कुणी ओढत नसे. पडदा ओढला तर समजावं, घरात कुणी गेलं किंवा काही लपवायचं आहे. चार वाजता अंधारून आलं, की सगळ्या खिडक्या मधाच्या थेंबांसारख्या पिवळ्या चमकत. आता त्यांत एकच गुलाबी.

पहिल्या आठवड्यात एक अनोळखी सायकलस्वार खिडकीसमोरून तीनदा गेला. दुसऱ्या आठवड्यात समोरच्या विधवा रीकाबाईंनी लेनर्टला पाहून मान फिरवली. शनिवारी ट्रुस पाव आणायला गेली ती लाल होऊन परतली, दिव्याशिवायच.

"गल्लीत दोन पक्ष पडलेत," ती म्हणाली. "अर्ध्यांचं म्हणणं, असल्या दिव्याखाली घरात गांजा पिकवतात, तोच तू लावलास."

"आणि उरलेल्या अर्ध्यांचं?"

"त्यांना वाटतं, लाल दिवा लावून आपण खिडकीत तसला धंदा मांडलाय."

"आपण? घरात तू आणि मीच."

"तेच म्हटलं मी. अडुसष्टाव्या वर्षी?" तिने आरशाकडे एक ओझरती नजर टाकली. "काढ तो दिवा."

"परीक्षक बुधवारी येतोय. मग काढतो."

ट्रुसने सरळ पडदा ओढला. व्हायचं तेच झालं. पडद्याच्या कडेकडेने गुलाबी झालर झळकू लागली, आणि सोमवारी पाववाल्याच्या बायकोने दारातल्या फटीतून एक कार्ड टाकलं: 'लेनर्ट गेल्याचं कळलं. फार वाईट वाटलं.' लेनर्टने ते वाचलं आणि आभार मानायला स्वतः दुकानात गेला. तिथे बिचारीच्या हातून पावांची टोपली पडली.

बुधवारी दहाला घंटा वाजली. दारात ओस्टिंगसाहेब, हातात गुणांचा तक्ता. मागे वाउटर हवालदार, हातात टोपी. शाळेत असताना हा वाउटर सुट्टीत लेनर्टचे टोमॅटो खुडायचा.

"काका, रागावू नका," तो म्हणाला, "पण घरात काय उगवताय ते बघावं लागेल."

"मीही तेच बघायला आलोय," ओस्टिंग म्हणाले.

ट्रुसने दोघांना कॉफी दिली, डब्यातून एकेक बिस्किट दिलं आणि पाहुण्याला एकच, या तिथल्या रीतीप्रमाणे झाकण लावून टाकलं. दोघे पेटीसमोर वाकले. वाउटरने पानं मोजली, हुंगण्यासाठी नाक पाण्यापर्यंत नेलं आणि म्हणाला, "गांजा नाही. पण सगळं किती लाल आहे, काका."

लेनर्टची छाती फुगली. तेवढ्यात ओस्टिंगनी हात लांब केला आणि गुलाबी दिवा विझवला.

पेटी पुन्हा हिरवट-तपकिरी झाली. मासे चंदेरी झाले. मांजराला आपली शेपूट परत मिळाली.

"लाल झाड नव्हतं, लेनर्ट," ओस्टिंग हळूच म्हणाले. "लाल दिवा होता."

लेनर्ट खुर्चीत बसला. तिसरा नंबरही हातून गेल्यासारखा त्याचा चेहरा झाला. पण ओस्टिंग अजून वाकलेलेच होते. "थांबा. हा उजवा कोपरा?" शिवणाच्या दिव्याखालची पानं खरोखरच लाल होती, नुसत्या पांढऱ्या उजेडात, पिकल्या डाळिंबासारखी. "हा दिवा कुणी निवडला?"

"मी," ट्रुस म्हणाली. "दोरा दिसावा म्हणून."

तेवढ्यात उघड्या दारातून रीकाबाई आत आल्या. हवालदार शिरल्यावर त्यांना घरात राहवेना. "मीच गांजाची तक्रार केली," त्या खाली बघत म्हणाल्या. "पण राग वेगळाच होता. समोरून खिडकीत पंचविशीची पोरगी दिसायची. मला वाटलं, लेनर्टने ट्रुसला घालवून कुणी दुसरीच आणली."

"पंचविशीची?" ट्रुसने विचारलं.

"फार तर तिशीची."

ट्रुसने डबा उघडला आणि रीकाबाईंपुढे धरला. एक बिस्किट दिलं, आणि दुसरंही दिलं.

लेनर्ट दुसरा आला. तक्त्यावर लिहिलं होतं: 'उजव्या कोपऱ्यातली लाल झाडं उत्तम. प्रकाशयोजना: ट्रुस.' त्याने ते तीनदा वाचलं, शिवणाचा दिवा पेटीच्या मधोमध टांगला आणि गुलाबी दिवा मागच्या खोपटात अडकवला.

आठवड्याने पाहतो, तर खोपटातली खुंटी रिकामी. ट्रुसही घरात नाही. तो खिडकीशी आला. समोर रीकाबाईंच्या घरात पडदे सताड उघडे होते. गुलाबी उजेडात ट्रुस, रीकाबाई आणि पाववाल्याची बायको पत्ते खेळत होत्या. तिघींचे गाल पाडाला आलेल्या आंब्यासारखे झाले होते. ट्रुसने पान टाकलं आणि अशी हसली, की लेनर्टला पेटीची आठवणच राहिली नाही. हात आपोआप टोपीकडे गेला.

तो रस्ता ओलांडून दारापाशी पोचला, तेव्हा तिथे वाउटर आधीच उभा होता, बोट घंटेवर.

"पुन्हा तक्रार?" लेनर्टने विचारलं.

"नाही हो, काका," वाउटर टोपी काढत म्हणाला. "इथे दुसरं बिस्किट मिळतं म्हणे."