अकरा सेकंदांचं गौडबंगाल

वीरधवल मगदूम यांच्या व्हिजिटिंग कार्डावर नावाखाली छापलं होतं : ‘कृष्णा-वारणा खोऱ्यातील एकमेव वैज्ञानिक गुप्तहेर. नजर घारीची, कान सशाचे, गुप्ततेची हमी. पत्ता : सांगलीच्या गावभागात कोणालाही विचारा.’ गुप्तहेराचा पत्ता कोणालाही कसा ठाऊक, असं भरतेशनं एकदा विचारलं होतं. ‘तीच तर गोम आहे,’ असं म्हणून वीरधवलांनी विषय मिटवला होता.

भरतेश हा वीरधवलांचा मेहुणा. हळदीचं दुकान सांभाळून तो दाजींना मदत करायचा, म्हणजे मोटारसायकल चालवायचा, वही धरायचा आणि दाजी मार खाणार असं दिसलं की मध्ये पडायचा. ताईनं, म्हणजे विजयमालानं, त्याला तेवढ्यासाठीच नेमलं होतं. दाजी जकात नाक्यावरून निवृत्त झालेले. ताडपत्री न उचलता ट्रकमध्ये हळद आहे की गूळ हे ते छातीठोक सांगत आणि उचलल्यावर बहुतेक वेळा कांदे निघत.

तर एका सोमवारी फलटणच्या पल्लवीचा फोन आला. ती ‘यमक-धमक’ नावाची ऑनलाइन स्पर्धा घ्यायची. संध्याकाळी सहाला मोबाइलवर थेट येऊन ती तीन शब्द द्यायची. स्पर्धकानं ते गुंफून दोन मिनिटांत विनोदी गाणं नाहीतर उखाणा रचायचा आणि कॅमेऱ्यासमोर म्हणायचा. साताऱ्याचे शीघ्रकवी नाथाजी त्याला एक मिनिट एकोणसाठ सेकंद घ्यायचे. आटपाडीकडच्या एका वाडीवरच्या बनाबाई कोळेकर मात्र ‘कुकर, जावई, पवनचक्की’ असले शब्द आले तरी अकराव्या सेकंदाला सुरू व्हायच्या आणि ऐकणारे पोट धरून आडवे व्हायचे. शब्द आधीच फुटतात, अशी तक्रार नाथाजींनी केली. पल्लवीनं नाइलाजानं बनाबाईंचं नाव बाजूला ठेवलं आणि चौकशी दाजींवर सोपवली. रविवारी सहाला अंतिम फेरी होती आणि चारपर्यंत चौकशीचा अहवाल आला नाही तर ते नाव कायमचं कटाप होणार होतं.

दाजींनी त्याच दिवशी पल्लवीच्या सासूवर संशय घेतला. सासू महिनाभर पुण्याला लेकीकडे आहे हे कळल्यावर संशय बळावलाच, कारण निर्दोष माणूस एवढा लांब कशाला जाईल? मंगळवारी बनाबाई हा रोबो आहे असं ठरलं. बुधवारी दाजींनी जमिनीवर नकाशा पसरला.

“भरतेश, वाटेत काय काय लागतं? पवनचक्क्या. फलटणहून शब्द निघाला की ते पंखे त्याला आटपाडीकडे ढकलतात. साताऱ्याकडे वारा उलटा. नाथाजींचा सारा घात वाऱ्यानं केला.”

“दाजी, त्या बाईलाच एकदा इचारून बघू की.”

दाजींनी त्याच्याकडे करुणेनं पाहिलं. संशयिताला विचारून शोध लावणं म्हणजे पेपरात शेजाऱ्याचं बघून लिहिणं, असं त्यांचं मत होतं. गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार त्यांनी वाऱ्याची दिशा लिहून काढण्यात घालवले.

रविवारी शास्त्र संपलं आणि दोघे वाडीला पोचले तेव्हा पावणेचार होत आले होते. बनाबाईंच्या दारात मांडव होता. त्यांचा नातू सिद्धू नुकताच लग्न करून आला होता. भावकीतल्या बायांनी दार अडवून नवरा-नवरी दोघांकडून उखाणे वसूल केले होते आणि त्यांना आत सोडलं होतं. बायांचा जोर अजून ओसरला नव्हता. दाजींनी पुढं होऊन ‘चौकशी’ असा शब्द उच्चारला आणि पाच हात आडवे आले.

“बायकूचं नाव घेतल्याबिगार उंबरा वलांडायचा न्हाई, सायब.”

आत कोपऱ्यात बनाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. एका बाईनं भरतेशला हळूच सांगितलं, की चोरीचा आळ आल्यापासून म्हातारीनं मोबाइल पेटीत टाकलाय. वाडीतलं एकही लग्न तिच्या गाण्याशिवाय झालेलं नव्हतं आणि आज सख्ख्या नातवाच्या लग्नात ती ओठ मिटून होती. भरतेशला फार वाईट वाटलं. कुठल्या तोंडानं आपण हिच्या दारात आलो, असं त्याला झालं. त्यानं पल्लवीला फोन लावला, थोडं थांबायची गळ घातली आणि फोन तसाच चालू ठेवला.

इकडे दाजींनी घसा खाकरला. “सांगलीची हळद, तासगावची द्राक्षं...” इथवर ठीक होतं. पुढे पाच मिनिटं शांतता पसरली. दाजींना घाम फुटला, त्यांनी चष्मा टकलावर सरकवला आणि डोळे मिटून समारोप केला, “विजयमालाचं नाव घेतो, कृपया नोंद घ्यावी.”

मांडव हसून खाली बसला, पण हात काही खाली आले नाहीत. तेव्हा नवी नवरी राणी सासरच्या घरात पहिल्यांदा आपणहून बोलली. “आजी, ह्या सायबांच्या वतीनं तुमीच घ्या की. मला तर तुमचंच ऐकायचं हुतं.”

बनाबाईंनी नातसुनेकडे पाहिलं, मग दाजींना एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. भरतेशनं घड्याळाकडे नजर लावली.

“चोर धराया सांगलीवरनं सायब आलं दारी,
यमक काय गावंना, घाम फुटला भारी;
चष्मा ठिवला टकलावर आन् शोधत्यात चोरवाट,
विजयमाला घरी बघती धन्याच्या जेवणाची वाट.”

फोनमधून पल्लवीच्या हसण्याचा आवाज आला, मग ठसका लागल्याचा आला.

“नऊ सेकंद, दाजी,” भरतेश म्हणाला. “आन् तुमचा चष्मा तर आत्ता वर गेलाय. ह्यो शब्द कुणी फोडला?”

दाजींनी टक्कल चाचपलं. पल्लवीनं फोनवरच बनाबाईंची माफी मागितली आणि सहाला वाट बघते म्हणाली. सिद्धू पेटीतला मोबाइल काढायला धावला. पण दाजींचं शास्त्र अजून अडून होतं. एवढ्या लवकर जमतं कसं, असं त्यांनी बनाबाईंना विचारलं. आठवडाभरात हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला होता.

“चाळीस वर्सं मेंढरामागं फिरले, सायब,” बनाबाई म्हणाल्या. “मेंढरू कुणाच्या पिकात शिरलं की मालक काठी घिऊन पळत येतुया. त्यो पोचायच्या आत त्येला हसवायचं. न्हाई हसला तर पाठ आपली. तुमच्या खेळात दोन मिंटं देत्यात. येवडा येळ कुटल्या शेतकऱ्यानं कवा दिला न्हाई.”

दाजींनी टकलावरचा चष्मा खाली घेतला. मग बोलले ते कार्डावरची मराठी सोडून.

“आष्ट्याला आमच्या हरभऱ्यात मेंढरं शिरली हुती. मी सात वर्साचा. बाप काठी घिऊन गेला आन् हसत हसत परत आला. काठी बी तिकडंच इसरला. त्येला कुणीतरी भांग पाजली, आसा मी निष्कर्ष काढला हुता.”

“आन् हरभरा?”

“निम्मा गेला.”

“मग गाणं लय चांगलं आसंल,” बनाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी बायांना हात खाली घ्यायला सांगितलं.