दुधी भोपळ्याचं अर्धं मन

स्नेहसंमेलनाच्या तोंडावर नवघरच्या ग्लोबल अंकुर इंटरनॅशनल प्री-स्कूलने सिनियर केजीतल्या सर्व मुलांच्या मनांचं मोजमाप केलं, तेव्हा खारी गावच्या सार्थक सुयोग घरत याचं मन निम्मंच भरलं. बाकीच्यांची मनं काठोकाठ होती. एका मुलीचं तर थोडं सांडतही होतं, पण तिची आई पालक समितीवर असल्यामुळे ते उत्साहात जमा धरण्यात आलं.

निकाल शाळेच्या ॲपवर आला. वर सार्थकचा फोटो, खाली वजन, उंची आणि त्याखाली लाल अक्षरांत एकच इंग्रजी विशेषण : हाफ-हार्टेड.

निशिगंधाने, म्हणजे सार्थकच्या आईने, ते घोडबंदर रोडवरच्या आपल्या ऑफिसात, मीटिंग चालू असताना, टेबलाखाली फोन धरून वाचलं. तिला इंग्रजी येत होतं. दिवसभर ती इंग्रजीतच लोकांची मनापासून क्षमा मागायची आणि त्यांना मनापासून शुभेच्छा द्यायची. पण पोटच्या पोराला चिकटलेला शब्द म्हटल्यावर तिने त्याचा अर्थ नव्याने शोधला. शब्दकोशात होतं : उत्साह किंवा बांधिलकी नसलेला, मनापासून न केलेला. खाली वापराचं उदाहरण होतं, 'त्याने घरकामात मदत करण्याचा हाफ-हार्टेड प्रयत्न केला.' ते वाचून तिला आधी मुलाची नाही, नवऱ्याची आठवण झाली.

"अर्धं तरी आहे ना?" सुयोग संध्याकाळी सोफ्यावर लोळत म्हणाला. "आमच्या वेळी मास्तर सरळ 'मठ्ठ' लिहायचे. इंग्रजीत लिहिलंय म्हणजे इज्जत दिलीय."

"अरे, पहिलीची सीट ह्याच्यावर आहे! 'होल-हार्टेड' असल्याशिवाय पुढे घेत नाहीत. उद्या मॅडमनी बोलावलंय. येतोयस ना?"

"बघू."

'बघू' ही घरतांची पिढीजात मालमत्ता. सुयोगचे आजोबा जमीन मागायला येणाऱ्या प्रत्येक बिल्डरला 'बघू' म्हणून चहा पाजायचे. असं बघता बघता एक दिवस भाताचं शेत दिसेनासं झालं आणि त्या जागी हा टॉवर दिसू लागला.

"पोरात काय खोट न्हाय," सुयोगची आई मंजुळाबाई मासे साफ करता करता आतून ओरडल्या. "ताटात वाढलेला सगला खातंय. अर्धा टाकत न्हाय. जाऊन सांग त्या बायला."

पण त्या बाईंना सांगणं इतकं सोपं नव्हतं. मुख्याध्यापिका मानसी मॅडम अत्यंत गोड होत्या, आणि गोड माणसाशी भांडायला जीभ वळत नाही.

"आम्ही मुलांना लेबल लावत नाही हं, मॅम," त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केलं. "आम्ही फक्त टॅग करतो."

मग त्यांनी तालमीचा व्हिडिओ दाखवला. नाच 'हेल्दी टिफिन' हा होता. गाजर, बीट, फ्लॉवर आणि पालकाची एक जुडी रंगमंचावर उड्या मारत होती. उजव्या कोपऱ्यात, हिरव्या सॅटिनमध्ये आपादमस्तक गुंडाळलेला सार्थक दुधी भोपळा झाला होता. गाण्याच्या ध्रुवपदाला सर्व भाज्यांनी दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या. दुधीने फक्त उजवा हात वर केला आणि हवेतच थोपटल्यासारखं केलं. त्याची डावी मूठ छातीशी घट्ट मिटलेली होती.

"पाहिलंत? एका हाताने टाळी वाजत नाही, मॅम."

"पण मॅडम, दुधी आहे तो. दुधी असून असून किती उत्साही असणार?"

"दुधी फार दुर्लक्षित आहे," मॅडम कळवळून म्हणाल्या. "म्हणूनच तो आम्ही कमिटेड मुलाला दिला होता."

वास्तविक त्या मिटलेल्या मुठीत काय आहे, एवढं पोराला कुणी तरी विचारायला हरकत नव्हती. पण ग्लोबल अंकुरमध्ये प्रत्येक गोष्टीची एक पद्धत होती आणि विचारणं त्या पद्धतीत कुठेच बसत नव्हतं. पद्धतीप्रमाणे आधी हाताच्या डॉक्टरांचा दाखला आला. हात ठणठणीत निघाला. म्हणजे दोष मनातच, असा निष्कर्ष निघाला, आणि प्रकरण शाळेचे कमिटमेंट कोच नीरज सर यांच्याकडे गेलं.

नीरज सर एकाच वेळी दोन शाखा सांभाळत. नवघरला ते सदेह बसत आणि कानातल्या बारक्या यंत्रातून दुसऱ्या शाखेच्या पालकांशी बोलत.

"मी इथे तुमच्यासाठी शंभर टक्के आहे," ते निशिगंधाला म्हणाले. मग कानाला बोट लावून म्हणाले, "नाही नाही, तुमच्यासाठीसुद्धा शंभर टक्के!"

"सर, सार्थक घरी चांगला खेळतो हो..."

"घरी कमिटमेंटचं वातावरण आहे का? वडील का नाही आले?"

"ते येतायत. बघतायत."

"बघा! मूल जे पाहतं तेच शिकतं." सरांनी फोनवर आलेला मेसेज वाचला, हसले, उत्तर पाठवलं आणि मान वर केली. "आपण कुठे होतो?"

उपाय म्हणून पालकांची कार्यशाळा झाली. सर्वांनी डोळे मिटायचे, उजवा हात हृदयावर ठेवायचा आणि म्हणायचं, 'मी इथे आहे.' सर्वांनी म्हटलं. डावे हात खाली आपापल्या फोनवर होते, पण डोळे मिटलेले असल्यामुळे ते कुणाला दिसले नाहीत. निशिगंधाने ऑफिसला 'दाताच्या डॉक्टरकडे आहे' असं कळवलं होतं. ती 'मी इथे आहे' म्हणाली तेव्हा ती अधिकृतरीत्या खुर्चीत आ वासून पडलेली होती. सुयोगही आला. गाडी दुसऱ्याच्या गाडीपुढे लावलेली असल्यामुळे तो एक पाय आत नि एक पाय बाहेर असा दारात उभा राहिला आणि तिथूनच पूर्ण मनाने सहभागी झाला.

इकडे शब्द मात्र टॉवरभर पसरला. शब्दाचा अर्थ एकदा कळला की त्याचा वापर कुणाला शिकवावा लागत नाही. सोसायटीचे सेक्रेटरी बाबुराव यांनी तो लिफ्टमध्ये ऐकला आणि दुसऱ्याच दिवशी फलकावर सूचना लागली : 'टँकरचा पुरवठा हाफ-हार्टेड असल्याने सभासदांनी पाणी होल-हार्टेडली जपून वापरावे.' तळमजल्यावरच्या काकूंनी धुण्याच्या बाईला ऐकवलं, बाईने तो शब्द साबणाला लावला. वॉचमन निशिगंधाला म्हणाला, "मॅडम, लिफ्ट आज हाफ-हार्टेड है. तीसरे माले के ऊपर मन नहीं करता उसका."

संमेलन जवळ आलं तशी निशिगंधाने रजा टाकून घरीच तालीम मांडली. सुयोगला बीट केलं, मंजुळाबाईंना पालक.

"मी नुसती बसून पालक हाय," मंजुळाबाईंनी आधीच सांगून टाकलं.

"सार्थक, हां, दोन्ही हात वर!"

उजवा हात वर गेला.

"आणि दुसरा?"

"तो कामात आहे," सार्थक म्हणाला.

"कामात? बघू काय काम करतोय ते!" सुयोगने हसत हसत त्याची मूठ धरली. बोटं उघडेनात. तेव्हा निशिगंधा खाली बसली आणि तिने एकेक बोट हळूच सोडवलं.

आत केसांची एक तपकिरी क्लिप होती. एक दात तुटलेली. बाकीच्या दातांचे बारीक लाल ठसे पोराच्या तळहातावर उमटले होते.

"अय्या, ही तर माझी जुनी क्लिप! कुठे सापडली रे तुला?"

"सापडली नाही. तू दिलीस."

"मी? कधी?"

"पहिल्या दिवशी. मी रडत होतो ना गेटवर? तू म्हणालीस, ही माझी क्लिप तुझ्याकडे ठेव. क्लिप न्यायला मी येणारच." त्याने मूठ पुन्हा मिटली. "सोडली तर कशी येशील?"

मग निशिगंधाला आठवलं. रिक्षा थांबलेली, पोराचा आकांत, ऑफिसला उशीर. तिने केसांतली क्लिप काढून त्याच्या हातात कोंबली होती. पोर गप्प झालं होतं. संध्याकाळी ती क्लिप मागायला विसरली, कारण घरी क्लिपांचं अख्खं पाकीट होतं. पण सार्थकवरची जबाबदारी कुणी काढून घेतली नव्हती, म्हणून त्यानेही ती सोडली नव्हती. रोज शाळा सुटेपर्यंत तो क्लिप मुठीत धरायचा आणि आई दिसली की दप्तरात टाकायचा. आज घरातच शाळेचा नाच सुरू झाला, म्हणून ती पुन्हा मुठीत आली होती. खिशात ठेवली असती, पण मुलं खिशात काहीबाही भरतात म्हणून शाळेने युनिफॉर्मचे खिसे शिवून टाकले होते.

मंजुळाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. सुयोग उगाच पंख्याकडे पाहू लागला. निशिगंधाने पोराला कुशीत ओढलं आणि दुसऱ्या दिवशी ती ताठ मानेने शाळेत गेली.

मानसी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचेही डोळे पाणावले.

"किती गोड! म्हणजे कमिटमेंट आहे!"

"तेच तर सांगतेय, मॅडम!"

"पण संस्थेबाहेर." मॅडमनी टिशूने डोळे टिपले. "मुलाची अर्धी बांधिलकी दुसरीकडेच गुंतलीय. उद्या प्रत्येक मूल आपापल्या आईची एकेक वस्तू धरून बसलं, तर नाच कोण करणार? आणि एक सांगू? आई येणार असा विश्वास असेल तर तारण कशाला लागतं? नसेल, तर तो तुमचा प्रश्न आहे, मॅम. आमच्या अभ्यासक्रमाचा नाही."

निशिगंधाकडे ह्यावर खरं तर पुष्कळ उत्तरं होती. ती तिला रिक्षात बसल्यावर सुचली. तोवर क्लिप मुलाकडून काढून घेण्याचं ती कबूल करून बसली होती. काशीमिऱ्यापर्यंत तिने स्वतःची समजूत घातली : क्लिप काय, क्लिपच आहे. सीट एकदा गेली की गेली.

घरी तिने सार्थकला जवळ बसवलं. "राजा, ती क्लिप आता मला दे."

"मग तू येणार हे मला कसं कळणार?"

"मी सांगतेय ना."

सार्थकने आईकडे नीट पाहिलं. घोडबंदरला ट्रेलर उलटून रस्ता तुंबला, त्या दिवशीही फोनवर आई 'येतेय ना' म्हणाली होती, आणि शाळेच्या ओट्यावर तो आणि कुलपं लावणाऱ्या मावशी असे दोघंच उरले होते. पण तेव्हा क्लिप होती. आई आली होती.

"तू केसांत लावशील?"

"लावीन."

"नाचाच्या दिवशी पण?"

"पण."

त्याने क्लिप दिली. मग रिकामा झालेला डावा हात, नोकरी सुटलेल्या माणसाला बसवावं तसा, मांडीवर नीट ठेवून दिला.

संमेलन जोरात झालं. असा दुधी भोपळा नवघरने पूर्वी पाहिला नव्हता. ध्रुवपदाला त्याचे दोन्ही हात असे वर गेले आणि अशी टाळी वाजली की शेजारचं फ्लॉवर दचकलं. नाच संपला. भाज्या वाकल्या. आणि सभागृहात शांतता पसरली.

कुणाला आवडलं नव्हतं असं नाही. पण प्रत्येक पालकाच्या एका हातात उंच धरलेला फोन होता आणि दुसऱ्या हाताने तो शेजारची खुर्ची नातेवाइकांसाठी अडवून बसला होता. टाळी वाजवायला अख्ख्या सभागृहात हात शिल्लक नव्हते. "जोरदार टाळ्या!" निवेदिका ओरडली. काहींनी मांडीवर चापट्या मारल्या. शाळेला अनुभव होता. तिने ध्वनिमुद्रित टाळ्या आणलेल्याच होत्या, त्या स्पीकरवर लावल्या. खऱ्या टाळ्या तेवढ्या मंजुळाबाईंच्या होत्या. त्यांच्या फोनचं चार्जिंग गेलं होतं.

निशिगंधाही फोन धरूनच उभी होती. पडद्यावर तिला सार्थक अगदी स्पष्ट दिसत होता. तो कॅमेऱ्यात बघत नव्हता. कॅमेऱ्याच्या वर, तिच्या केसांत, काही तरी शोधत होता. तेव्हा तिचा रिकामा हात डोक्याकडे गेला. तिथे मोत्याची क्लिप होती. तपकिरी क्लिप साडीवर शोभत नव्हती म्हणून घरीच राहिली होती.

त्याच संध्याकाळी ॲपवर हिरवी अक्षरं उमटली : होल-हार्टेड. पहिलीतली सीट पक्की. टॉवरमध्ये पेढे वाटले गेले. बाबुरावांनी तर लिफ्टलाही एक पेढा दाखवला.

सोमवारी गेटवर सार्थक रडला नाही, रेंगाळला नाही. दोन्ही हात हलवत निघाला.

"सार्थक! मी येते हं घ्यायला. लवकर येते!"

तो चालता चालता अर्धवट वळला.

"बघू," म्हणाला. अगदी बापाच्या सुरात.

त्या दिवशी ऑफिसात निशिगंधा एका हाताने टाइप करत होती. कामं तुंबली. साहेब टेबलापाशी येऊन उभे राहिले. "काय झालं? बोटाला लागलंय का?"

"नाही सर," ती मिटल्या मुठीकडे पाहत म्हणाली. "तो हात कामात आहे."

साहेबांनी मान डोलावली आणि वार्षिक मूल्यमापनासाठी एक विशेषण मनाशी नक्की केलं. कोणतं, ते आता तुम्हालाही पाठ झालं असेल.

तर गोष्ट संपली. आवडली असेल तर टाळी वाजवा. एका हाताची नको, ती सार्थकचीसुद्धा धरली गेली नाही. दोन्ही हातांची वाजवा. त्यासाठी तो फोन क्षणभर बाजूला ठेवावा लागेल, आणि गेटवर कुणी तुमची क्लिप धरून बसलं असेल तर आधी तिकडे जावं लागेल.

काय म्हणालात?

बघू?