गंगेवर चालणारा रेडिओ

"येत्या रविवारी आण्णांना दिल्ली ऐकवतो! जावई काय चीज हाय, ते कळू दे केंदूरला!"

तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात पोपटरावांनी हे जाहीर केलं, तेही भर गर्दीत. आण्णा म्हणजे त्यांचे केंदूरचे सासरे. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी हे गृहस्थ 'जावईबापू' म्हणताना एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करायचे. त्यांच्याकडून एकदा तरी 'वा!' ऐकावं, एवढ्यासाठी पोपटरावांनी रेडिओ घेतला होता.

रेडिओ गुणी होता, पण गावात वीज नव्हती आणि बॅटरी महाआळशी होती. चार्ज करून आणावी, तर बातम्या सांगणाऱ्याचा आवाज दोन वाक्यांतच बसायचा. बॅटरी दौंडलाच न्यायची, हा पोपटरावांचा हट्ट. जिथं रेल्वेची एवढी इंजिनं थांबतात तिथली वीज ताकदीची असणारच, असा त्यांचा गाढा अभ्यास!

दौंडच्या बॅटरीवाल्या सिद्दीकनं बॅटरीची बुचं उघडून आत पाहिलं.

"पाणी आटलंय, पोपटराव. पाणी घाला, पन शुद्ध पायजे. विहिरीचं, नळाचं चालायचं न्हाई. आन् ते पाणी मिळतं बघा—"

"कळलं, कळलं!" म्हणत पोपटराव एस्टीत चढलेसुद्धा. आयुष्यात कुणाचं वाक्य पुरं होऊ देणं त्यांना कमीपणाचं वाटे.

शुद्ध पाणी? घरात होतं की! आई धुरपदाबाईंनी काशीहून आणलेला गंगेचा गडू देव्हाऱ्यात होता. वर लाखेचं सील. आपल्या शेवटच्या घोटासाठी म्हातारीनं तो जिवापाड जपला होता. आई मळ्यात गेलेली पाहून पोपटरावांनी गडूला भक्तिभावानं हात जोडले आणि सील फोडलं. मग गंगामाई बॅटरीच्या तिन्ही भोकांत काठोकाठ उतरली.

बॅटरी पुन्हा दौंडला गेली. या वेळी चार्ज होणं राहिलं बाजूला, ती नुसती उतू गेली.

"काय घातलं हिच्यात?" सिद्दीकनं विचारलं.

"गंगा! याच्यापरीस शुद्ध काय असतंय? सांग!"

सिद्दीकनं कपाळाला हात लावला. "गंगेला मी कशाला नावं ठेवू, बाबा? पन बॅटरीला पुण्य पचत न्हाई! तिला ह्ये बाटलीतलं डिस्टिल वॉटर लागतं. त्या दिशी त्येच सांगत व्हतो, तर तुमी एस्टीत!"

त्यानं आतलं सगळं काढून नवं अ‍ॅसिड भरलं आणि वरून डिस्टिल वॉटर घातलं. बाटलीत उरलेलं डिस्टिल वॉटर पोपटरावांनी घरी आणून गुपचूप गडूत ओतलं आणि सोनाराकडच्या लाखेनं तोंड बंद केलं. आईला पत्ता नाही, बॅटरी ठणठणीत!

रविवारी दिल्ली अशी खणखणीत बोलत होती की पोपटरावांची छाती फुगून सदऱ्याला ताण बसला. तेवढ्यात आण्णा धापा टाकत आत आले.

"बंद करा ते कोकलणं! आमच्या आईचं काय खरं न्हाई. विहीणबाई, तोंडात घालायला तुमचा गंगेचा गडू द्या!"

धुरपदाबाईंनी क्षणाचाही विचार न करता गडू पुढं केला. पोपटराव आडवे धावले.

"आण्णा, त्ये पाणी—"

"गप ऱ्हावा! मरत्या माणसापुढं कसलं पाणी-पाणी करताय?"

आण्णा गेले. पोपटरावांना भडभडून आलं. लग्नात त्यांची दृष्ट काढणारी केंदूरची ती एकटीच. तिच्या मोक्षात आपण बॅटरीचं पाणी कालवलं!

पण दोनच दिवसांत आण्णा परत आले, ते पेढे घेऊन. म्हातारीनं दोन घोट घेतले, डोळे उघडले आणि भाकरी करपली म्हणून सुनेला फैलावर घेतलं!

"वा!" आण्णा म्हणाले. पोपटराव मोहरले. "वा, विहीणबाई! तुमच्या गंगेत लई सत्त्व! आईनं आख्खा गडू संपवला, आन् आता दुसरं पाणी तोंडाला लावंना. जावईबापू, काशीला जाऊन या. आजच निघा!"

रेडिओकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. पोपटरावांच्या गळ्यात हार पडला, हातात वळकटी आली. बायकांनी ओवाळलं, आईनं डोळे टिपले, आणि 'काशीविश्वनाथ महाराज की जय'च्या गजरात एस्टी हलली.

दौंडला ते उतरले आणि गळ्यातल्या हारासकट सिद्दीकच्या दुकानात शिरले.

"दोन बाटल्या दे त्या पाण्याच्या."

"बॅटरीला?"

"आजेसासूला!" पोपटरावांनी वळकटी कोपऱ्यात टेकवली. "आन् पंधरा दिस हितंच झोपायला जागा दे. मी काशीला गेलोय."