कुलपातला साबण

शहाण्णव साली तुर्भ्याच्या एका छोट्या इस्पितळात साबणाचं बिल तिप्पट झालं आणि मॅनेजर कमळाकरांचं टाळकं सरकलं. चोर कोण, हे त्यांनी बसल्या जागी ठरवलं. वॉर्डातली आया, घणसोलीची जाईबाई! बाई लागली तीन महिन्यांपूर्वी, साबण उडायला लागला तोही तेव्हापासूनच. आणखी पुरावा तो काय हवा?

त्यांनी साबणाच्या कपाटाला कुलूप ठोकलं आणि किल्ली जानव्याला अडकवली. वॉर्डाला आठवड्याला एकच वडी.

पण गंमत बघा, बेसिनवर रोज साबण होताच! वर जाईबाई दारात उभी राहून दटावायची, "डाक्टर, हात धुतल्याबिगर पेशंटला शिवायचा नाय!" आणि डॉक्टर मुकाट्याने धुवायचे.

"हिच्याकडे डुप्लिकेट चावी आहे," कमळाकर वॉचमन सयाजीला म्हणाले. "पिशवी तपासतो. साबण सापडला की नोकरी खलास!"

संध्याकाळपर्यंत धीर कुठला! सकाळीच ते फाटकावर ठाण मांडून बसले. जाईबाईची पिशवी उघडली, तर डब्याखाली दोन कोऱ्या वड्या.

"सापडली! उद्यापासून यायचं नाही!"

"सायेब, पन..." सयाजी घुटमळला.

"पण-बिण काही नाही!"

"सायेब, ती आत चाललीय. भायेर नाय."

कमळाकरांनी हातातल्या वड्या उलटसुलट करून पाहिल्या.

"तुमी कुलूप लावलाव," जाईबाई शांतपणे म्हणाली. "मंग मी घरून आनते. माज्या धन्याची जखम न धुतल्या हातांनीच पिकली व्हती, दोन महिने खाटेवर. साबन पाच रुपयांचा हाय, सायेब."

कमळाकर तडक कचेरीत गेले. कामगारांच्या ऑपरेशनांसाठी इस्पितळाचा कारखान्यांशी करार होता. हर्नियाचे पैसे ठरलेले, पेशंट पाच दिवस राहो की पंधरा. जास्तीचे दिवस आणि इंजेक्शनं इस्पितळाच्या बोकांडी. त्यांनी रजिस्टर चाळलं. तीन महिन्यांत एकही जखम पिकली नव्हती. साबणाला गेले हजारभर, औषधांचे वाचले अठरा हजार! आणि ही बाई आयाच्या पगारातून वड्या आणत होती. त्यांना खरंच भरून आलं.

ते किल्ली काढून वॉर्डात गेले. "चुकलो, जाईबाई. आजपासून कपाट तुमच्या ताब्यात."

जाईबाईने हात पुढे केला नाही.

"घामाची हाय ती. धुऊन द्या."

कमळाकर निमूटपणे बेसिनकडे वळले आणि जाईबाईच्याच साबणाने त्यांनी किल्ली धुतली, हातही धुतले. चांगले कोपरापर्यंत.