सासूबाईंच्या मागे दोन किलोमीटर

"हरणं हे कौशल्य आहे आणि कौशल्य शिकवता येतं," असं सितातीमास्तरांनी बुधवारी भौतिकशास्त्राच्या तासाला छातीठोकपणे सांगितलं.

समोर शाळेचा नेटबॉलचा संघ बसला होता. शेजारच्या शाळेकडून एका गोलने हरल्यावर या मुली हात न मिळवताच मैदानातून निघून आल्या होत्या. सोमवारी त्या शाळेत जाऊन हात मिळवा, नाहीतर संघ वर्षभर बाद, असं पत्र आलं होतं. मुली जायला तयार नव्हत्या.

"सर, तुम्ही स्वतः कुठे नीट हरता?" कॅप्टन नामाल्वा म्हणाली. "शिक्षकांच्या शर्यतीत चार वर्षं तुम्ही शेवटचे. पहिल्या वर्षी बूट चावला. मग वारा उलटा होता. मग सकाळची उगाली, मक्याच्या पिठाचा तो गोळा, जड झाली. गेल्या वर्षी तुम्ही सायकल घेऊन रस्ता मोजलात आणि तो एकशेबारा मीटर जास्त भरला."

"भरलाच होता," मास्तर म्हणाले.

शेवटी करार झाला. मास्तरांनी शनिवारच्या शर्यतीत धावायचं, ज्याच्या लगेच मागे राहतील त्याच्याशी हात मिळवायचा आणि एकही कारण द्यायचं नाही. ते जमलं, तर मुली सोमवारी जातील.

"मंजूर. आणि यंदा मी शेवटचा नसेन."

हे दुसरं वाक्य बोलायची काही गरज नव्हती.

यंदा शर्यत गावालाही खुली आहे, असं सूचनाफलकावर लिहिलं होतं. मास्तर सूचनाफलक वाचत नसत. आठ किलोमीटरच्या शर्यतीत सहाव्या किलोमीटरला, मक्याच्या शेतांमधल्या पायवाटेवर, त्यांच्या मागे अजून दोघे होते: कारकून वेपुखुलू आणि चर्चचे पाद्री. पुढे एक नारिंगी फडकं बांधलेलं डोकं होतं. अंतर कमी होत होतं. वीस पावलांवर मास्तरांनी चाल ओळखली.

सासूबाई!

तिकडच्या रीतीप्रमाणे जावयाने सासूच्या जवळून जायचं नसतं. ती वाटेत भेटली तर बाजूच्या झाडीत शिरायचं असतं. हाताला हात लावणं तर कुणाच्या स्वप्नातही येत नाही. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मास्तर सासूबाईंना ओळखत ते मुख्यतः पाठीवरून.

ते गुपचूप डावीकडच्या मक्यात शिरले. त्या लांब गेल्या की निघू, असा हिशेब होता. चार मिनिटांनी उजवीकडच्या मक्यात नारिंगी फडकं हललं, तेव्हा हिशेब कुठे चुकला ते कळलं. सासूबाई नासिपोंडीही रीतीला पक्क्या होत्या. जावयाला वाट मोकळी करून देऊन त्या तिकडे उभ्या होत्या.

वेपुखुलू धापा टाकत आला. "मास्तर, पोट बिघडलं का?" असं विचारून उत्तराला न थांबता गेला. पाद्री गेले. मग खुणेचे झेंडे गोळा करणारी मोटारसायकलही गेली. त्यानंतर शोधत शोधत नामाल्वा आली.

"सर, मक्यात काय करताय?"

"हळू बोल. त्यांना सांग, पुढे व्हा."

ती पायवाट ओलांडून गेली आणि परत आली. "त्या म्हणतात, जावईबापूंना म्हणावं तुम्ही पुढे व्हा. मी जरा मका बघायला थांबलेय."

"सांग, मीही मकाच बघतोय."

अशा तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या वेळी नामाल्वा वैतागून म्हणाली, "आजी, ते मक्याबरोबर कापले जातील, पण निघायचे नाहीत." तेव्हा कुठे सासूबाई धावू लागल्या. मास्तर तीस पावलं मागे, मान खाली घालून.

शेवटच्या रेषेपाशी अख्खा संघ रांगेत उभा होता. नामाल्वा त्याच गावची, तिला रीत ठाऊक होती. तरी ती म्हणाली, "सर, हात?"

पाच वर्षांत पहिल्यांदाच मास्तरांकडे खरं कारण होतं. सगळा गाव साक्षीला उभा राहिला असता. त्यांनी तोंड उघडलं. मुलींकडे पाहिलं. मिटलं.

"हरलो," एवढंच ते म्हणाले. 

हात मात्र राहिलाच होता. सासूबाईंनी क्षणभर विचार केला. मग गर्दी अडवायला बांधलेली दोरी खुंटावरून सोडवली आणि तोंड फिरवून तिचं एक टोक मागे फेकलं. मास्तरांनी आकाशाकडे बघत ते उचललं. सासूबाईंनी दोरी दोनदा हलवली, मास्तरांनी दोनदा हलवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सोमवारी मुली गेल्या. "सरांनी मिळवला तसाच हात मिळवणार," असं म्हणत नामाल्वाने सोबत दोरी नेली आणि एक टोक मोठ्या अदबीने समोरच्यांना दिलं. त्या मुलींना वाटलं, रस्सीखेच आहे. सात जणींनी मिळून जी ओढली, की आमच्या सातही मुली चिखलात. उठवायला त्यांनी हात पुढे केले, आमच्यांनी ते घेतले आणि पत्रातली अट पुरी झाली.

चिखलाने माखलेला संघ हसत हसत परत आला.

"पुन्हा हरलो, सर," नामाल्वाने सांगितलं. कारण कुणीच दिलं नाही.

मास्तरांना मुलींचा फार अभिमान वाटला.  पण त्यांना राहवेना.

"दोरी नायलॉनची होती का गं? नायलॉनला घर्षण कमी असतं."