जळकोटच्या पुढचा गोवा

राजेश्वरीबाईंना गोवा पाहायचा होता. लग्नाला एकवीस वर्षं झाली, दर उन्हाळ्यात त्या विषय काढत आणि दर उन्हाळ्यात बजरंगरावांना नेमकं कुणाचं तरी जावळ, नाहीतर वास्तुशांत निघे. यंदा मात्र त्यांनी बजावलं, की नेलं नाही तर एकटी जाईन. त्यावर बजरंगरावांनी छाती पुढं काढून विचारलं, गोव्यात लोक बघतात तरी काय? जुनी चर्चं! तसलं एक तर आपल्याच जिल्ह्यात आहे, धाराशिवहून सकाळी निघालं की दुपारच्या चहाला घरी. समुद्र तेवढा नाही, पण तो टीव्हीवर बघता येतो.

रविवारी दोघं मोटारसायकलवरून निघाले. जळकोट मागं पडलं, डांबर संपलं आणि माळावर ते चर्च दिसलं. छप्पर कधीच गेलेलं, दगडी भिंती तेवढ्या उभ्या, दारावरचा कोरीव क्रूस अजून शाबूत. आत पाऊल टाकताच मन कसं शांत होतं बघ, असं म्हणत बजरंगरावांनी आत पाऊल टाकलं. तर समोर म्हैस!

कालच व्यालेली. रेडकू भुकेनं ओरडत होतं आणि शेजारच्या शेताची मालकीण मथुराबाई चरवी घेऊन हताश बसली होती. देवाच्या जागेत जनावर बांधलं म्हणून बजरंगरावांनी तिला दोन शब्द सुनावले.

"त्यो देव गोठ्यातच जलमला म्हणं, दादा," ती म्हणाली. "त्येला न्हाय राग. राग हिला आलाय. सकाळधरनं पान्हाच घालंना."

इथं गप्प बसले तर ते बजरंगराव कसले! आपला हात लागला की आटलेली म्हैससुद्धा दूध देते, असं सांगून ते पुढं सरसावले. आयुष्यभर त्यांनी दूध काढलं होतं ते फक्त पिशवीतून. पण त्यांनी म्हशीची मान खाजवली, तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि तिनं डोळे मिटून पान्हा सोडला. मथुराबाई धार काढायला बसली, चरवीत धारा वाजू लागल्या. बायकोकडं विजयी नजर टाकायला बजरंगराव दोन पावलं मागं सरले. धारा बंद. पुढं आले, धारा सुरू. पाणी प्यायला भिंतीआड गेले, तर म्हशीनं लाथेनं चरवीच उडवली.

मथुराबाईनं निकाल दिला. "पैल्या वेताची हाय. एकदा माणसाची सवय लागली की तिला त्योच लागतो. चार दिस ऱ्हावा, दादा. रेडकाचा जीव तुमच्या हातात हाय."

बजरंगरावांनी मोठ्या आशेनं बायकोकडं पाहिलं. मुक्या जिवाचे तळतळाट घेऊ नयेत, एवढंच त्या म्हणाल्या. मथुराबाईचं आणखी एक दुखणं होतं. बचत गटाच्या बायकांची सहल त्याच संध्याकाळी निघायची होती, तिची पिशवीही भरून तयार होती आणि आता धार काढायला तिला मागं राहणं भाग होतं.

"शीट रिकामंच जाणार बगा," ती हळहळली. "ताई, तुमी जाता का? गोव्याला हाय."

ताई मथुराबाईची पिशवी घेऊन गेल्यासुद्धा.

चौथ्या दिवशी, म्हशीची मान खाजवता खाजवता, बजरंगरावांनी फोन उचलला. इथली चर्चं लई मोठी आहेत, बघायला वेळ पुरंना, म्हणून सहल दोन दिवस वाढवलीय, असं बायको सांगत होती. बजरंगराव भडकले. निदान विचारायचं तरी, म्हणाले.

"विचारलं की मथुराबाईला," राजेश्वरीबाई म्हणाल्या. "म्हशीची काही हरकत नाही म्हणाली."