गंगाधरकाकांचा लाकडी बैल

नालवाडीतले आमचे शेजारी गंगाधरकाका घरातलं जुनं सामान कधी टाकत नसत. लोभ म्हणून नव्हे. आपली वस्तू दुसऱ्याच्या घरी सुखानं नांदलेली त्यांना बघवत नसे. घरात सडली तरी चालेल!

दिवाळीच्या साफसफाईत काकू एकेक वस्तू अंगणात काढत आणि काका ती मागच्या दारानं आत नेत. एकदा काकूंनी डुगडुगतं स्टूल गुपचूप आम्हाला दिलं. मी त्याचा पाय ठोकला, निळा रंग दिला. दुसऱ्या दिवशी काका हजर! चांगल्या खुर्च्या सोडून नेमके स्टुलावर बसले. चहा पिऊन उठताना त्यालाच म्हणाले, "लयच चमकून राह्यलं रे बाबू! माह्या घरी काऊन नाई चमकलं?" मग रोज येऊ लागले. दुसरं कुणी त्यावर बसलेलं दिसलं की तोंड एवढंसं होई. मला राग यायचा. रंगाचा डबा माझा होता.

एका वस्तूपुढे मात्र काकूही हात टेकत. मुलाचा लहानपणचा चाकांचा लाकडी बैल. मुलगा पुण्यात नोकरीला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरं आपापले लाकडी बैल सजवून दारोदार बोजारा मागायला निघत. कुणी खाऊ देई, कुणी पैसे. काका खिडकीत बसून आपला बैल पुसत आणि पोरांच्या बैलांना नावं ठेवत. "शिंगं हायेत का कान?"

"देऊन टाका ना कोन्या लेकराले," काकू म्हणत.

"नातू येईन. तो नेईन."

नातू पोळ्याला कधी आला नाही. एका वर्षी त्यानंच फोनवर सांगितलं, आता मी मोठा झालो.

त्या पोळ्याला काका स्वतः बैल घेऊन माझ्या लेकीकडे, पिंकीकडे आले. "पाडजो नको. अन् संध्याकाळी वापस."

पिंकी बैल घेऊन गल्लीभर फिरली. शेजारचं घर काय, आपलंच. म्हणून पिंकीनं ते शेवटी ठेवलं. काका ताट घेऊन दारात उभेच होते. ते बैलालाच रागावले, "साऱ्या गल्लीत फिरला, अन् अपल्या घरी आखरीले आला काऊन?" मग त्याला कुंकू लावलं, पाठीवरून हात फिरवला, पिंकीची ओंजळ भरली.

मी म्हणालो, "काका, ठेवून घ्या आता."

त्यांनी बैलाची दोरी पिंकीच्या हातात दिली.

"राहू द्या तुमच्याच घरी. माह्या घरी ठेवला, तं माह्या दारावर कोन घेऊन येईन?"